निशाणी नांगर

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो 'ज्ञान हे वरदान की ओझे' असा. विषय ऐकून आम्ही प्रथम हसलो. आमचा जन्म गेला अंबडच्या कारखान्यांच्या फाटकांवर द्वारसभा घेण्यात. शाळा दहावीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते दुसरी पाळी संपल्यावर, मिणमिणत्या दिव्याखाली आणि सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. असल्या माणसाने ज्ञानाच्या स्वरूपावर काय बोलावे? तो वेदान्त्यांचा प्रांत. पण मग ध्यानात आले की, 'ओझे' हा शब्द तर आमच्याच प्रांतातला आहे. ओझे समोर आले की हमाल तीन गोष्टी विचारतो. हे कोणाचे, कोणाच्या डोक्यावर द्यायचे, आणि उतरवताना हात कोण लावणार? ज्ञानालाही हेच प्रश्न विचारून पाहावेत, असे आम्ही ठरविले.

वसंत व्याख्यानमाला ही महाराष्ट्राची जुनी चाल आहे. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांनी ती सुरू केली १८७५ साली. विद्वानांनी बोलावे, नागरिकांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी ऐकावे, आणि अशा रीतीने ज्ञान घराघरांत जावे, हा त्यातला हेतू. हेतू थोरच होता. मात्र इतिहास वाचताना आम्हांस एक योगायोग नेहमी थबकवतो. त्याच १८७५ साली, १२ मे रोजी, त्याच पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारपेठेत आसपासच्या खेड्यांचे शेतकरी जमले होते. ते व्याख्यान ऐकावयास आले नव्हते. सावकारांच्या पेढ्यांतील कागद बाहेर काढून त्यांची होळी करण्यास ते आले होते. पुढील काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हेच घडले. इतिहासात त्यास दख्खनचे दंगे म्हणतात. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, काही लोक ज्ञान वाटून घेण्यास बसले होते आणि काही लोक लिहिलेले कागद जाळीत होते.

यावरून कोणी म्हणेल की कुणबी अडाणी, त्याला अक्षराचा द्वेष. आम्हांस हे मान्य नाही. ज्या सावकाराने रोखे निमूटपणे काढून दिले, त्याच्या अंगाला बहुधा कोणी हात लावला नाही, असे चौकशीत दिसून आले. काही ठिकाणी दुकाने लुटली, जाळपोळ झाली, हे खरे. परंतु लोकांचा रोख होता तो रोख्यांवर. कोणता कागद आपल्या मानेवर बसला आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की, त्या कागदात लिहिले काय आहे.

तो कागद कसा होत असे ते पाहण्याजोगे आहे. मजकूर लिहिणारा वेगळा. त्याच्या अक्षराला 'दस्तुर' म्हणत. ऋणको शेतकऱ्याला सही येत नसे, म्हणून त्याच्या नावापुढे एक लहानसा नांगर काढीत आणि लिहीत, 'निशाणी नांगर'. आम्ही हे शब्द प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. ज्या अवजाराने माणूस पोट भरतो त्याचेच चित्र काढून त्याची जमीन लिहून घ्यावयाची! त्याला विचारले असते तर तो खरा नांगर किती सफाईने धरून दाखविता! पण कागदावर ज्ञान होते ते दुसऱ्याचे, आणि त्याखाली निशाणी होती याची.

त्यात सरकारने १८५९ साली मुदतीचा कायदा केला. कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतू असा की, व्याज वर्षानुवर्षे साचू नये. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी जुन्या रोख्याचे मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेतला. आम्ही हिशेबासाठी एक उदाहरण धरतो. शंभर रुपये, दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी १७२ झाले. आता १७२ हेच मुद्दल. सहा वर्षांनी २९५ रुपये आणि वर काही आणे, नऊ वर्षांनी ५०८ च्या वर. साधे व्याज चालले असते तर नऊ वर्षांनी ३१६ झाले असते. मधले १९२ रुपये कशाचे? पाऊस त्याने नेला नाही, टोळ त्याने पाठविले नाहीत. ते १९२ रुपये गुणाकाराचे होते. एकाला तो येत होता, दुसऱ्याला येत नव्हता.

दंग्यांना दुसरीही कारणे होती. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला आणि उधारी मोकळी मिळू लागली. युद्ध संपताच भाव पडला. १८६७ पासून सुरू झालेल्या फेरआकारणीत सारा वाढला. हे सर्व अर्थशास्त्राचे अभ्यासक आमच्याहून चांगले सांगतील. आम्ही कागदावरच राहतो.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे त्यातले चार जिल्हे. नाशिक त्यांत नव्हते. या कायद्यातील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. शेतकऱ्याने करावयाचा दस्त गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, दस्तात काय आहे ते शेतकऱ्याला कळावे, आणि दिलेल्या पैशाची पावती व हिशेब मागण्याचा त्याला हक्क असावा, अशी तरतूद त्यात होती. कागद सही करणाऱ्याला समजला पाहिजे, ही गोष्ट कायद्याने सांगावी लागली! आणि त्याने तरी काय साधले? पुष्कळ सावकारांनी रोख्याऐवजी थेट खरेदीखतच करून घेण्यास प्रारंभ केला. 'पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देईन,' हे मात्र तोंडी. जाणत्याने दुसरा कागद शोधला. आमच्या तीस वर्षांच्या कामात आम्ही याहून नवे काही पाहिले नाही. कारखान्यात फक्त सावकाराच्या जागी सल्लागार असतो.

याच मुलखात जोतीराव फुले राहत होते. ते शेती करीत, सरकारी बांधकामाची कंत्राटे घेत, हिशेब जाणत. १८५५ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी श्रमकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा कामावर जाणाऱ्याला दिवसाची शाळा काय उपयोगाची, हे ओळखणारा माणूस त्या काळी विरळा होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला रोखठोक हिशेब दाखविला. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. त्यात शेतकऱ्याच्या सगळ्या अनर्थांचे मूळ त्यांनी अविद्येत दाखविले आहे. पुष्कळ लोक हे वाचून 'विद्येचे महत्त्व' एवढाच बोध घेतात आणि भिंतीवर लिहून मोकळे होतात. आम्हांस मात्र वाटते की जोतीरावांनी सुप्याच्या राखेत हात घालून हे लिहिले आहे.

'ज्ञान ओझे आहे' असे म्हणणाऱ्यांची परंपराही मोठी आहे, आणि तिची एक गंमत आहे. हे ओझे नेहमी दुसऱ्याला झेपणार नाही म्हणून सांगितले जाते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सक्ती तीही बेताची. आधी मुलांपुरती, आणि ज्या नगरपालिका अगर लोकल बोर्डे तयार असतील तेथेच. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोधकांत सरकारी सभासद तर होतेच, पण आपले जमीनदारही होते. खर्चाचा मुद्दा निघाला, शेतावर मजूर मिळणार नाहीत ही भीती निघाली, शिकलेला गरीब असंतुष्ट होतो हेही निघाले. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. आम्ही स्वतः त्याचा पुरावा आहोत.

आता आमच्या धंद्याकडे येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव इथे पुष्कळांनी ऐकले असेल. २००५ साली त्यांचे टपाल तिकीटही निघाले. ठाण्यास १८४८ साली जन्म, मॅट्रिकपर्यंत शिक्षण, रेल्वे आणि टपाल खात्यात थोडी नोकरी, मग मुंबईस मांडवीच्या गिरणीत भांडारपाल. जोतीरावांचा सत्यशोधक. गिरणीत हजारो माणसे राबत होती आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांना दाराशी लावलेला नियमांचा कागद वाचता येत होता. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापावा, त्याला 'डबल खाडा' म्हणत. रविवारची सुट्टी नाही. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला तो लहान मुलांपुरता. सात वर्षांखालील मूल कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढी त्याची दया. प्रौढ कामगाराच्या तासांविषयी त्यात अक्षर नव्हते.

लोखंडे यांनी काय केले? १८८० पासून 'दीनबंधु' पत्र मुंबईहून चालविले आणि गिरणीतील गोष्टी छापल्या. सप्टेंबर १८८४ मध्ये २३ आणि २६ तारखांना कामगारांच्या सभा भरविल्या. मागण्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्याची काही तरतूद. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या.

या साडेपाच हजारांपाशी आम्ही क्षणभर थांबतो. नऊ वर्षांपूर्वी सुप्यास लोकांनी कागद जाळला होता. कोकणातून, घाटावरून आलेली तशाच घरांची माणसे आता कागद लिहवून घेत होती. सुप्याच्या रोख्यात काय आहे हे निशाणी देणाऱ्याला ठाऊक नव्हते. या अर्जात काय आहे ते सभेत उभे राहून ऐकलेल्याला ठाऊक होते. रविवार म्हणजे काय हे त्याला कोणी समजावून सांगावयास नको होते.

फळ येण्यास सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन बायाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. आज सुट्टीच्या दिवशी बारा वाजेपर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या आमच्या अंबडच्या पोरांना आम्ही ही तारीख आवर्जून सांगतो. पोरे ऐकतात आणि पुन्हा लोळतात. सुट्टी त्यासाठीच असते म्हणा.

पण लोखंडे यांच्या गोष्टीत एक दुखरी जागा आहे आणि ती आम्ही लपविणार नाही. त्यांच्या संघटनेविषयी सरकारी अहवालात शेरा आहे की, तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हेच येईल त्याला सल्ला देतात. आम्हांस पूर्वी या शेऱ्याचा राग येई. आता येत नाही. संघटनेचे सारे दप्तर एका माणसाच्या डोक्यात होते. कायदा त्यांना ठाऊक, इंग्रजी त्यांना येई, साहेबापुढे बोलणारे ते. १८९७ च्या ९ फेब्रुवारीस, प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करीत असता त्यांना मरण आले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, सावित्रीबाई त्याच साथीत गेल्या. आणि लोखंडे यांच्यामागे ती संघटना विरून गेली. एकट्याच्या डोक्यावरचा भार त्याच्याबरोबरच गेला. मुंबईच्या गिरणी कामगाराला स्वतःचे दप्तर, स्वतःच्या गिरणी समित्या आणि पावतीपुस्तके मिळावयास १९२८ साल उजाडावे लागले, मध्ये अनेक वर्षे ना. म. जोशी यांच्यासारख्यांनी रात्रीच्या शाळा आणि फिरती वाचनालये चालविली तेव्हा.

आमच्या नाशिकात वाचनालय आहे १८४० पासून. अंबड तेथून कोस दोन कोस. पण ते अंतर आमच्या वाडवडिलांना कापता आले नाही. आमच्या मामांची जमीन एका सरकारी कामात गेली तेव्हाची गोष्ट. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा त्या वेळी चालू होता. तो २०१४ पासून गेला. त्या कायद्यात अशी मेख होती की, मोबदला घेताना 'हरकत राखून घेतला' असे नोंदविले तरच पुढे कोर्टात वाढ मागता येई. मामांनी अंगठा उठविला आणि पैसे घेतले. शेजारच्या बांधावरच्या गृहस्थांचा मुलगा मास्तर होता. त्यांनी ते तीन शब्द लिहिले आणि काही वर्षांनी त्यांना वाढीव रक्कम मिळाली. एकच बांध, एकच माती. मामा मरेपर्यंत म्हणत, 'त्याचं नशीब.' नशीब नव्हते, तीन शब्द होते. हे कळले तेव्हा आम्ही वाचावयास लागलो, असे म्हटले तरी चालेल.

आणि वाचावयास लागलो म्हणून आमच्या हातून जे घडले तेही आज सांगतो. ते या विषयाला धरूनच आहे.

आम्ही बत्तिशीत होतो. एका कारखान्यात कामाला होतो आणि युनियनच्या समितीवर होतो. आमच्यापैकी एकाने कंपनीचा एक शेअर घेऊन ठेवला होता, म्हणजे वार्षिक अहवाल पोस्टाने येई. जुनी युक्ती आहे. ताळेबंद वाचण्याची विद्या आम्ही पुस्तकावरून शिकलो होतो आणि तिचा आम्हांस थोडा गर्वही होता. त्या वर्षीच्या अहवालात आम्हांस दिसले की, आमच्या शेडमधली यंत्रे कागदावर झिजून गेली आहेत, नवे एकही येत नाही, आणि परराज्यात उभ्या राहणाऱ्या नव्या कारखान्यासाठी मोठी रक्कम बांधली आहे. अर्थ उघड होता. समितीत चर्चा झाली. ठरले की, बोलणी चालू आहेत, तूर्त कोणाला सांगू नये. लोक घाबरतील, घाईने व्हीआरएस घेतील, एकजूट फुटेल. आम्हीही मान डोलावली. 'लोकांना झेपणार नाही' हे वाक्य त्या दिवशी आमच्याच तोंडून निघाले. गोखल्यांच्या विरोधकांना आम्ही आजवर पुष्कळ नावे ठेवली आहेत. ती ठेवताना आवाज थोडा बसतो तो यामुळे.

एकोणीस दिवस आम्ही गप्प राहिलो. त्यांतल्या अकराव्या की बाराव्या दिवशी आमचा एक सोबती, वयाने वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जेवणाच्या सुट्टीत एक अर्ज घेऊन आला. पतपेढीचे साठ हजारांचे कर्ज. मुलीचे लग्न ठरले होते. अण्णाला सही येई, पण अर्ज भरण्याचा त्याला कंटाळा. 'तुझं अक्षर बरं हाय, तूच भर,' म्हणाला. आम्ही भरला. मासिक वेतन, नोकरीची उरलेली वर्षे एकवीस, हप्ते साठ. उरलेली वर्षे एकवीस, हे आम्ही आमच्या हाताने लिहिले. मग त्याच्यापुढे कागद सरकवला आणि कुठे सही करावयाची त्या जागेवर बोट ठेवले.

सात महिन्यांनी फाटकाला कुलूप लागले. जे हाती आले त्यातून पतपेढीने आधी आपले कापून घेतले. अण्णाने पुढे वॉचमनकी केली, भाजीचा गाडा लावला. दोघा जामीनदारांनाही झळ बसली. एके दिवशी गाड्यापाशी उभे असता त्याने विचारले, 'तुला आधी ठाऊक व्हतं का रे?' आम्ही 'होय' म्हणालो. तो काही बोलला नाही. मेथीच्या जुडीवर पाणी मारीत राहिला. त्यानंतर सुमारे दोन वर्षे आमचे येणेजाणे बंद होते.

दस्तुर कोणाचे आणि निशाणी कोणाची, हे आम्ही सुप्याच्या रोख्याविषयी वाचले ते याच्या पुष्कळ नंतर. वाचताना आम्हांस तो सावकाराचा कारकून ओळखीचा वाटला. त्यानेही काही खोटे लिहिले नसेल. अक्षरही चांगलेच असेल.

ज्ञानाचे ओझे असते का, असे आम्हांस विचारले तर आमचे उत्तर होय असेच आहे; ते एकोणीस दिवस अजून आमच्या पाठीवर आहेत. पण ते ओझे आमच्या ठाऊक असण्याचे नव्हे. सांगितले असते तर अण्णाने लग्न साधेपणाने केले असते, किंवा तरीही कर्ज काढले असते. तो त्याचा विचार झाला असता. घाबरला असता तर घाबरण्याचाही त्याला हक्क होता. पुढे आमच्या युनियनमध्ये आम्ही एक रिवाज पाडला. मालकाशी होणारा प्रत्येक करार सहीपूर्वी फाटकावर उभे राहून शब्दनशब्द वाचावयाचा. दोन दोन तास लागतात. तरुण पदाधिकारी कुरकुरतात, मोबाइलवर पाठवून देऊ म्हणतात. पाठवावे, त्यास आमची ना नाही. पण वाचणे सोडू देत नाही.

अण्णा अठ्ठावन्नाचा झाला तेव्हा पुन्हा घरी आला. हातात पेन्शनचे कागद होते, १९९५ च्या योजनेचे. सोबत नात होती, शाळेच्या गणवेशात. आम्ही चष्मा लावला आणि मजकूर नजरेखालून घालू लागलो, तसा तो म्हणाला, 'मनातल्या मनात नको. मोठ्यानं वाच. आन् एकबी ओळ सोडू नको.' आम्ही वाचावयास लागलो. कागद चार पानी होता. तिसऱ्या पानावर एका आकड्याशी आमची जीभ अडखळली, तेव्हा नातीने पुढे वाकून तो आकडा वाचला आणि अण्णाने तिला तो पुन्हा एकदा वाचावयास सांगितला.